पत्रिकेआधी वेळ तपासा

पत्रिका दाखवायला गेलेल्या माणसाकडे प्रश्नांची कमी नसते. लग्न कधी, नोकरी टिकेल का, परदेशयोग आहे का. ज्योतिषी मात्र त्याला एकच विचारतो, "वेळ बरोबर आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं, "हो, आईनंच सांगितलीय." तेवढ्यावर विषय संपतो आणि पुढचा तासभर घरं, ग्रह, दशा यांची चर्चा रंगते. ती वेळ कुणी लिहिली, कोणत्या घड्याळावरून लिहिली, जन्मानंतर किती वेळानं लिहिली, याची चौकशी कुणी करत नाही.

ज्योतिषावर तुमचा विश्वास कितीही असो वा नसो, पत्रिकेवरून आपल्याकडे आजही स्थळं होकारली आणि नाकारली जातात. म्हणून ज्या आकड्यावर ती मांडली जाते, तो आकडा पारखून घेणं प्रत्येकाच्या हिताचं आहे. त्यासाठी गणित यायला हवं असं नाही. दोन सवयी लावून घ्या. जन्मवेळ लिहिताना ती कुठून मिळाली आणि किती मिनिटं मागंपुढं असू शकेल, हे तिच्याशेजारी लिहायचं. आणि जेवढी खात्री वेळेची, तेवढ्याच बारीक गोष्टी पत्रिकेला विचारायच्या.

किती मिनिटांनी काय बदलतं

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून पूर्व क्षितिजावरचा राशिचक्राचा बिंदू सतत सरकत असतो. हाच लग्नबिंदू. सरासरी चार मिनिटांत तो एक अंश पुढे जातो. तीस अंशांची रास ओलांडायला त्याला सरासरी दोन तास लागतात, पण सगळ्या राशींना सारखा वेळ लागत नाही. महाराष्ट्राच्या अक्षांशावर काही लग्नं दीड-पावणेदोन तासांत सरतात, तर काही सव्वादोन तास रेंगाळतात.

लग्न जन्माच्या सुमाराला राशीच्या मध्यावर असेल, तर अर्ध्या तासाच्या चुकीनंही लग्नरास बदलत नाही. तेच लग्न राशीच्या शेवटच्या अंशात असेल, तर चार-पाच मिनिटांत सगळी घरं एकेका स्थानानं हलतात. तेव्हा 'पाच मिनिटांनी काय बिघडतं?' या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असं उत्तर नाही. लग्नाचा अंश पाहूनच ते देता येतं.

सूक्ष्म कुंडल्यांचं गणित आणखी नाजूक. नवमांश म्हणजे तीन अंश वीस कला. लग्नाचा नवमांश साधारण सव्वातेरा मिनिटांत बदलतो आणि दशमांश बारा मिनिटांत. षष्ट्यंश तर जेमतेम दोन मिनिटं टिकतो. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या कृष्णमूर्ती पद्धतीत नक्षत्राचे नऊ असमान भाग करतात. त्यांतला सर्वांत लहान, सूर्याचा, चाळीस कलांचा असतो. लग्न तो अडीच-पावणेतीन मिनिटांत ओलांडतं.

चंद्र त्या मानानं संथ. एक नक्षत्र ओलांडायला त्याला साधारण एक दिवस लागतो आणि एका चरणाला सहा तास. म्हणून जन्मरास, नक्षत्र आणि चरण या गोष्टी दहा-पंधरा मिनिटांच्या चुकीनं सहसा बदलत नाहीत. विंशोत्तरी दशा चंद्राच्या नक्षत्रातल्या स्थानावरून काढतात, त्यामुळे तिथे चुकीचं माप नेमकं सांगता येतं. शुक्राच्या नक्षत्रावर जन्म असेल तर जन्मवेळेतल्या एका मिनिटाचा फरक वीस वर्षांच्या महादशेत सुमारे पाच दिवसांचा होतो. दहा मिनिटांचे पन्नास दिवस, तासाभराचे दहा महिने. सूर्याच्या नक्षत्रावर जन्म असेल तर महादशा सहाच वर्षांची, म्हणून मिनिटाला दीड दिवस. पहिल्या दशेत शिरलेली ही चूक पुढच्या सगळ्या दशांच्या तारखा तेवढ्याच दिवसांनी सरकवते.

जन्म कोणत्या क्षणी झाला म्हणायचा

इथेच पहिली अडचण येते. डोकं दिसलं तो क्षण, बाळ पूर्ण बाहेर आलं तो, पहिलं रडणं की नाळ कापली तो? ज्योतिषात या सगळ्यांचे पुरस्कर्ते आहेत. वैद्यकीय नोंदीत बाळ पूर्ण बाहेर आल्याचा क्षण धरतात. नाळ त्यानंतर लगेच कापतात असंही नाही. हल्ली ती एक ते तीन मिनिटं थांबून कापावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सुखरूप बाळंतपणात या सगळ्या क्षणांत मिळून काही मिनिटांचंच अंतर पडतं. पण जी पद्धत मिनिटा-दोन मिनिटांवर फळ सांगते, तिच्यासाठी तेवढं अंतरही मोठं आहे. ज्योतिषी कोणता क्षण धरतो, हे त्याला आधी विचारा आणि तुमच्याकडची वेळ कोणत्या क्षणाची आहे हेही सांगा.

सिझेरियनमध्ये आणखी एक घोटाळा होतो. शस्त्रक्रिया सुरू झाल्याची वेळ आणि बाळ बाहेर काढल्याची वेळ या दोन्ही नोंदी कागदावर असतात. घाईत पहिलीच उतरवून घेतली जाते. तेव्हा "ऑपरेशन किती वाजता झालं?" असं विचारू नका. "बाळ बाहेर काढल्याची वेळ काय लिहिलीय?" असं विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या तक्त्यातही ती बहुधा सापडते.

कागद कोणता पाहायचा

पुष्कळांचा समज असतो की जन्मदाखल्यावर वेळ असते. नसते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानुसार एकवीस दिवसांच्या आत जन्माची खबर द्यायची असते आणि दाखल्यावर तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं, नोंदणी क्रमांक येतो. त्यापूर्वीच्या खेड्यांतल्या जन्मांसाठी गाव नमुना चौदा, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात धुंडाळता येतं. तिथेही शोध घ्यायचा तो तारखेचा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तर तारखेसाठीही विसंबू नये. जून महिन्यात शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेल्या '१ जून'वर महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस साजरे होतात. अशा माणसाची पत्रिका दाखल्यावरच्या तारखेवरून मांडली, तर वेळेचा प्रश्न येण्याआधीच सगळं चुकलेलं असतं.

वेळ मिळते ती इस्पितळाच्या कागदांत. त्यांतही उतरंड आहे. सर्वांत विश्वासाची नोंद लेबर रूमच्या रजिस्टरातली आणि केस पेपरवरची, कारण ती जागेवर होते. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला अपगार गुण द्यायचे असतात, त्यामुळे तिथे कुणाचं तरी घड्याळाकडे लक्ष असतं. त्याखालोखाल डिस्चार्ज कार्ड. ते दोन-तीन दिवसांनी, मूळ कागदावरून नकलून काढतात, म्हणजे नकलेतल्या चुका त्यात शिरू शकतात. ३.१७ चे ३.४७ होणं, सकाळ-संध्याकाळची खूण उलटणं, हे सहज घडतं.

मूळ नोंद हवी असेल तर उशीर करू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णानं मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. मूल शाळेत जायच्या आत केस पेपरची प्रत मागून घेतलेली बरी. वीस वर्षांनी स्थळं पाहताना धावाधाव केली, तर ते रजिस्टर कधीच रद्दीत गेलेलं असेल.

कागदावरचा आकडाही बोलका असतो. १०.३० किंवा १०.४५ असे गोल आकडे दिसले की कुणीतरी जवळची वेळ उचलून लिहिली असण्याची शक्यता जास्त. १०.२७ लिहिलेलं असेल तर निदान घड्याळ पाहिलं गेलंय. पण १०.२७.३६ असं सेकंदांसह दिसलं तर सावध व्हा. बाळंतपणाच्या खोलीत सहसा सेकंद कुणी टिपत नाही. ते आकडे बहुधा नंतर कुणीतरी 'वेळ शुद्ध' करून बसवलेले असतात.

अमेरिकेतल्या लोइस रॉडन या ज्योतिषी बाईंनी जन्मवेळांना त्यांच्या उगमाप्रमाणे श्रेणी देण्याची पद्धत रूढ केली. जन्माच्या वेळीच केलेली नोंद सर्वांत वरच्या श्रेणीत, घरच्यांच्या आठवणीतली त्याखाली, उगम माहीत नसलेली आणखी खाली, आणि दोन ठिकाणी दोन वेळा असतील तर ती सरळ 'गढूळ' माहितीच्या खात्यात. आपणही घरगुती अंदाज बांधू शकतो. लेबर रूमची नोंद असेल तर पाच मिनिटं इकडेतिकडे, डिस्चार्ज कार्ड किंवा वडिलांनी त्याच दिवशी डायरीत लिहिलेली वेळ असेल तर दहा, घड्याळ पाहिल्याचं आईला आठवत असेल तर वीस ते तीस, आणि 'पहाटे', 'दिवेलागणीला' एवढंच माहीत असेल तर तासभर. हे ठोकताळे आहेत, पण काहीच न धरण्यापेक्षा बरे.

कागद नसेल तेव्हा आठवण कशी विचारायची

घरी सुईणीच्या हातून झालेल्या बाळंतपणांचा कागद नसतो. तिथे आठवण हाच पुरावा, आणि तो कसा गोळा करता यावर त्याची किंमत ठरते. "सात वाजता ना गं?" असं विचारलंत तर "हो, सातच" हेच उत्तर मिळेल. वेळ सुचवू नका. त्या दिवशी काय काय चाललं होतं, ते विचारा. दिवे लागले होते का? गिरणीचा भोंगा झाला होता का? रेडिओवर काय लागलं होतं? वडील कामावरून आले होते की जायचे होते? आई, मावशी, आत्या, मोठा भाऊ यांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की सगळ्यांच्या आठवणी सर्वांत ठामपणे बोलणाऱ्याच्या आठवणीत मिसळून जातात.

आठवणीला आकाशाची आणि पंचांगाची साक्ष मिळते का, तेही पाहा. "संकष्टी होती, चंद्र उगवायचा होता" या एका वाक्यातून तारीख तपासता येते आणि वेळेला वरची मर्यादाही मिळते, कारण त्या गावचा त्या दिवशीचा चंद्रोदय गणितानं काढता येतो. ग्रहणाचंही तसंच. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण दुपारचं, २४ ऑक्टोबर १९९५ चं दिवाळीतलं सकाळचं. भूकंपाच्या रात्री जन्मलेल्यांना तर मिनिटाची खूण मिळते. कोयनेचा धक्का ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी बसला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना. 'धक्का बसला तेव्हा बाळ झालेलं होतं' ही आठवण कित्येक डायऱ्यांपेक्षा भरवशाची.

जुन्या हस्तलिखित पत्रिकेत वेळ घटी-पळांत असते. सूर्योदयापासून किती घटी गेल्या ते लिहिलेलं असतं. एक घटी म्हणजे चोवीस मिनिटं, एक पळ म्हणजे चोवीस सेकंद. 'गत घटी १२, पळे ३०' म्हणजे सूर्योदयानंतर बरोबर पाच तास. तो सूर्योदय मात्र जन्मगावचा, त्या दिवशीचा धरायला हवा. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांमुळेच तिथल्या सूर्योदयांत सुमारे पंचवीस मिनिटांचा, म्हणजे एका घटीचा फरक पडतो. अशा पत्रिकेचा एक मोठा फायदा आहे. तीत शक, तिथी, वार, नक्षत्र सगळं असतं. शकात ७८ मिळवून इसवी सन काढा (जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९) आणि तिथी-वार-नक्षत्राचा मेळ बसतो का पाहा. बसला नाही, तर नकलून घेणाऱ्यानं कुठेतरी घोळ केलाय.

घड्याळ कोणतं होतं

आजीआजोबांच्या किंवा थोरामोठ्यांच्या पत्रिका अभ्यासणाऱ्यांनी इथे थांबायला हवं. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आहे. त्यापूर्वीच्या जन्मवेळा स्थानिक वेळेत धराव्या लागतात. मुंबईनं तर ही नवी वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं असलेला 'मुंबई टाइम' शहरातल्या काही घड्याळांत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होता. त्या काळातला मुंबईचा जन्म असेल, तर टिपणातली वेळ कोणत्या टाइमाची, हा प्रश्न चुकवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभरची घड्याळं एक तास पुढे होती. त्या तीन वर्षांतल्या जन्मांचा तास वजा करावा लागतो. सॉफ्टवेअर तो आपोआप करतं की नाही, हे तपासल्याशिवाय छापील पत्रिका खरी मानू नका. आणि घरच्या कुणी तो आधीच वजा करून ठेवलेला नाही ना, हेही पाहा. नाहीतर तास दोनदा जायचा.

परदेशात जन्मलेल्या मराठी मुलांचा प्रश्न आजचा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांच्या सविस्तर जन्मदाखल्यावर वेळ असते. ती स्थानिक घड्याळाची असते आणि उन्हाळी वेळ चालू असेल तर एक तास पुढे असते. २००७ पासून तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उन्हाळी वेळ चालते. नोव्हेंबरात घड्याळं मागे घेतात त्या पहाटे एक ते दोन हा तास दोनदा येतो. त्या तासातलं मूल असेल, तर पहिला की दुसरा हे इस्पितळातच विचारून ठेवा. इंग्लंडमध्ये दाखल्यावर वेळ लिहितात ती जुळ्यांच्याच बाबतीत, स्कॉटलंडमध्ये मात्र सगळ्यांची. भारतातल्या आजीला फोनवर कळवलेली वेळ कोणत्या देशाची, याची गल्लत घराघरांत होते. म्हणून टिपणात शहर आणि 'स्थानिक वेळ' हे शब्द लिहाच.

तारीख आणि गाव

'सोमवारी रात्री दीड वाजता' म्हणजे नेमकं केव्हा? पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. घरातली माणसं सोमवारची रात्र म्हणतात तेव्हा इंग्रजी तारीख मंगळवारची लागलेली असते. संगणकाला इंग्रजी तारीख हवी असते. तिथे सोमवारची टाकली तर जन्म थेट चोवीस तास मागे जातो आणि नक्षत्रच बदलतं. बारा वाजताचे एएम-पीएम हा दुसरा सापळा. रात्री बारा दहा हे ००.१० असं चोवीस तासांच्या पद्धतीनं लिहिलं की संशय उरत नाही.

जन्मगाव म्हणून पुष्कळजण मूळ गाव सांगतात. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी होतं, म्हणजे जन्म आजोळचा. मूळ गाव रत्नागिरीचं आणि जन्म नागपूरचा असेल तर जवळपास सहा अंशांचा रेखांशाचा फरक पडतो, आणि एक अंश म्हणजे चार मिनिटं. संगणकाच्या यादीतून गाव निवडताना जिल्हा आणि राज्य वाचा. महाराष्ट्रातलं पूर्वीचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि बिहारमधलं औरंगाबाद यांच्यात नऊ अंशांचं अंतर आहे. बोट एका ओळीनं घसरलं की छत्तीस मिनिटांची चूक झाली. आईला रात्रभर जागवून मिळवलेली अचूक वेळ अशी यादीत वाया जाते.

एकाच वेळेच्या दोन पत्रिका

वेळ, तारीख, गाव सगळं तेच असूनही दोन ठिकाणच्या पत्रिका वेगळ्या आल्या की लोक वेळेला दोष देतात. आधी अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरला याचं माप, पाहा. बहुतेक पंचांगं आणि सॉफ्टवेअर चित्रापक्षीय अयनांश वापरतात, ज्याला लाहिरी म्हणतात. टिळक पंचांग रैवतपक्षाचं आहे. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. लग्नाच्या हिशेबात तो सोळा मिनिटांइतका पडतो. दशेत तर त्याहून मोठा. शुक्राच्या महादशेत चार अंश म्हणजे सहा वर्षं. दोन-तीन मिनिटांसाठी जीव टाकणाऱ्यानं हा आकडा ध्यानात ठेवावा. पत्रिका कोणत्या पक्षाची, हे तिच्यावर लिहून घ्या आणि स्थळ जुळवताना दोघांच्या पत्रिका एकाच अयनांशाच्या आहेत ना, हे पाहा.

वेळशुद्धीचा मोह

वेळ खात्रीची नसेल तर काही ज्योतिषी आयुष्यातल्या घटनांवरून ती 'शुद्ध' करून देतात. लग्न, अपघात, वडिलांचं निधन यांच्या तारखा घ्यायच्या आणि ज्या वेळेच्या पत्रिकेत त्या बसतील ती वेळ खरी मानायची. यातली मेख अशी की दशा, अंतर्दशा, गोचर, दृष्टी, उपनक्षत्र इतकी साधनं हाताशी असताना अर्ध्या तासातल्या जवळपास कोणत्याही मिनिटाला चार-पाच घटना बसवता येतात. घटनांवरून वेळ ठरवायची आणि मग त्याच घटना पत्रिकेत दिसतात म्हणून पत्रिका खरी ठरवायची, हा वर्तुळात फिरणारा पुरावा झाला.

तरीही वेळशुद्धी करून घ्यायचीच असेल तर दोन अटी पाळा. माहीत असलेल्या घटनांपैकी निम्म्याच सांगा आणि उरलेल्या तारखा झाकून ठेवा. शुद्ध केलेल्या वेळेवरून त्या निघतात का, ते पाहा. शिवाय तीच माहिती दुसऱ्या ज्योतिषाकडे, पहिल्याचं उत्तर न सांगता, द्या. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर दोन्ही बाजूला ठेवा. काहीही झालं तरी मूळ नोंद खोडू नका. नवी वेळ लिहायची तर 'शोधित' अशी खूण करून, वेगळ्या ओळीत लिहा.

वेळ बदलण्यामागे दरवेळी अज्ञानच असतं असंही नाही. मूळ नक्षत्र, अमावास्या, मंगळ यांचा धाक इतका की काही घरांत लग्नाच्या वयात मुलीची 'नवी' पत्रिका तयार होते. म्हणून समोरून आलेली सुबक संगणकीय पत्रिका पाहून समाधान मानू नका. वेळ कुठून घेतली, एवढं नम्रपणे विचारा. आणि स्वतःच्या मुलीला असं खोटं टिपण देण्याची पाळी येत असेल, तर ज्या घरी मंगळावरून स्थळ मोडतं त्या घराचाच फेरविचार करा.

दोन टोकांची परीक्षा

आता मूळ मुद्द्याकडे. वेळेला तुम्ही जे कमी-अधिक लावलंय, त्याच्या दोन्ही टोकांच्या पत्रिका काढा. वेळ १०.३० आणि खात्री दहा मिनिटांची असेल, तर एक १०.२० ची आणि एक १०.४० ची. शेजारी ठेवा. दोन्हींत जे सारखं आहे, ते तुमच्या वेळेनं सिद्ध होतं. जे बदललं, त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका, मग सांगणारा कितीही मोठा असो.

विवाहाच्या पत्रिकेत याचा उपयोग लगेच दिसतो. छत्तीस गुणांचं गुणमेलन चंद्राच्या राशी-नक्षत्रावर होतं. दहा-पंधरा मिनिटांच्या चुकीनं ते क्वचितच हलतं. अडचण येते ती नक्षत्र बदलण्याच्या सुमाराला जन्म असेल तरच, आणि ते त्या दिवशीच्या पंचांगात नक्षत्राच्या समाप्तीची वेळ पाहून दोन मिनिटांत कळतं. मंगळदोषाचं तसं नाही. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं या स्थानांत मंगळ असला की तो दोष धरतात, आणि ही स्थानं लग्नापासून मोजतात, त्यामुळे तो वेळेला फार हळवा आहे. समजा १०.२५ ला कन्या लग्नाचा एकोणतिसावा अंश सरत आला आहे आणि मंगळ मीनेत आहे. सातव्यात मंगळ, म्हणजे मुलगी मंगळाची. वेळ पाच-सहा मिनिटं पुढे गेली की तूळ लग्न लागतं, तोच मंगळ सहाव्यात जातो आणि दोष नाहीसा होतो. उलटही घडतं. त्याच वेळी मंगळ मकरेत असता, तर कन्या लग्नाला तो पाचव्यात, निर्दोष, आणि तूळ लग्नाला चौथ्यात, सदोष. गोल आकड्यात लिहिलेल्या वेळेवर असं स्थळ मोडणं म्हणजे नर्सबाईंनी घड्याळाकडे केव्हा पाहिलं यावर दोन माणसांचं आयुष्य ठरवणं.

वेळ अचूक मिळाली म्हणजे भाकीत अचूक येईल, असा अर्थ मात्र काढू नका. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात घेतलेली चाचणी प्रसिद्ध आहे. शंभर हुशार आणि शंभर गतिमंद मुलांच्या पत्रिकांचा संच केला होता. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती मुलं कोणत्या गटातली ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसते अंदाज केले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती. वेळ तपासल्यानं तिच्या नावावर खपणाऱ्या खोट्या खात्रीपासून तुम्ही वाचता. त्याहून जास्त हमी ती देत नाही.

नव्या बाळाचं टिपण

घरात बाळ येणार असेल तर एक काम आधी कुणावर तरी सोपवा. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून चालतं, त्यामुळे त्याची वेळ बरोबर असते. लेबर रूममधलं भिंतीवरचं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहता आलं तर फरक टिपून ठेवावा. डॉक्टरांना किंवा नर्सना आधीच सांगावं की बाळ पूर्ण बाहेर आल्याची वेळ लिहून द्या. अडचणीचं बाळंतपण असेल तर हा हट्ट तिथेच सोडावा. बाळाचा श्वास सुरू होण्यापुढे कोणतंही घड्याळ मोठं नाही. 'चांगल्या' मुहूर्तावर सिझेरियन ठरवताना किंवा पुढे ढकलताना शेवटचा शब्द डॉक्टरांचाच असावा.

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड तपासा, केस पेपरची प्रत घ्या आणि टिपण असं लिहा: 'मंगळवार, १४ जानेवारी २०२५, ०३.१७, भारतीय प्रमाणवेळ (सोमवारची रात्र उलटून मंगळवारची पहाट). ठिकाण: सांगली, इस्पितळात. क्षण: बाळ पूर्ण बाहेर आलं तेव्हा. उगम: लेबर रूमची नोंद. कमी-अधिक: पाच मिनिटं. लिहिणाऱ्याचं नाव आणि लिहिल्याची तारीख.' कार्डाचा फोटो काढून त्यासोबत ठेवा. पंचवीस वर्षांनी कुणी विचारलं, "वेळ बरोबर आहे ना?", तर तुमच्या मुलाला 'हो' किंवा 'नाही' म्हणायची गरज पडणार नाही. "पाच मिनिटं इकडेतिकडे धरा, आणि तेवढ्यानं जे बदलेल ते मला सांगू नका," असं तो सरळ म्हणू शकेल.